वनाच्या सुकदेवाचा तारा

बोरखेड्यात एक्सरे हा शब्द काढला की माणसं आधी गुडघा पुढे करतात. वना पाटलांचा सुकदेव मुंबईला एक्सरेचा अभ्यास करतो ही बातमी गावात पोचली, तेव्हा त्याच्या पहिल्याच सुट्टीत ओट्यावर चार जण येऊन बसले. एकाच्या हातात धुळ्याच्या दवाखान्यातून आणलेला मणक्याचा काळा फोटो होता आणि बाकीच्या तिघांना फोटो न काढताच निदान हवं होतं. सुकदेवने समजावून सांगितलं की आपण माणसांचे नाही, ताऱ्यांचे एक्सरे बघतो. ते ऐकून चौघेही जरा नाराज झाले. एवढं शिकून पोराने काय केलं तर आपल्या काही उपयोगाचं नाही ते केलं, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

बोरखेडे एरंडोलपासून सायकलवर अर्ध्या तासाचं गाव. कापूस, ज्वारी, थोडा उडीद-मूग. वना पाटील म्हणजे सुकदेवचे वडील, घरात त्यांना सगळे नाना म्हणायचे. तरुणपणी ते रुपचंद आबांकडे सालदार होते, म्हणजे वर्षभराच्या बोलीने शेतावर राबणारा गडी. पुढे त्यांनी पै पै जोडून स्वतःचं चार एकर रान केलं, विहीर बांधली, पोराला शिकवलं. पण आबांच्या दारात गेले की अजूनही जमिनीवर उकिडवे बसायचे. आबांनी कधी ‘खाली बस’ म्हटलं नव्हतं, आणि ‘वर बस’ असंही म्हटलं नव्हतं. सालदारकी सुटून वीस वर्षं होऊन गेली तरी नानांचे गुडघे त्या दारात आपोआप दुमडायचे, आणि सुकदेवला ते बघवायचं नाही.

सुकदेव धुळ्याच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. पंच्याऐंशी साली कॉलेजने त्याला पीएच.डी.साठी तीन वर्षांची पगारी रजा दिली. बायको लता आणि दोन मुलींना धुळ्यात भाड्याच्या खोल्यांत ठेवून तो मुंबईच्या एका संशोधन संस्थेत दाखल झाला. तिथे त्याचे गाइड होते डॉ. सबनीस. माणूस मोजकं बोलणारा, आणि बोलला की समोरच्याला आपली चूक आपोआप दिसू लागावी असा. त्यांनी सुकदेवच्या हातात एका परदेशी उपग्रहाने पाठवलेल्या नोंदींच्या टेपा ठेवल्या आणि म्हणाले, “यात काही तारे भडकतात. कसे भडकतात ते बघा.”

हे भडकणं काय असतं ते सुकदेवने नंतर आईला, म्हणजे यशोदाबाईंना, चुलीपाशी बसून सांगितलं होतं, आणि मला वाटतं त्याच्या कॉलेजातल्या पोरांना त्याने याहून चांगलं कधी सांगितलं नसेल. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतात. त्यातला एक मेलेला. मरताना तो इतका आवळला गेला, की एरंडोलच्या वेशीवरून जळगावला निघालात तर जळगाव यायच्या आत तारा संपतो. वजन मात्र आपल्या सूर्याहून जास्त. त्याचं नाव न्यूट्रॉन तारा. शेजारचा तारा अजून जिवंत असतो, आणि हा मेलेला त्याच्या अंगावरचा वायू ओढून घेत राहतो. तो वायू याच्या पृष्ठभागावर साचतो. काही तास नुसता साचत राहतो. जिनिंगच्या आढ्यावर रुईचा बारीक भुरका साचावा तसा. मग एका क्षणी तो पेट घेतो, आणि बघता बघता सगळा तारा पेटून उठतो. त्यातून जे एक्सरे निघतात ते इथवर पोचतात. मिनिटभरात सगळं विझतं. पुन्हा साचायला सुरुवात.

“आन शेजारना काय करस?” यशोदाबाईंनी विचारलं होतं.

“तो देत ऱ्हास.”

“मंग त्यानीच चूक शे,” त्या म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

आता सुकदेव ज्याच्या मागे लागला होता ती गोष्ट आणखी पुढची. आग सगळीकडे एकदम लागत नसणार, एका जागी लागून पसरत असणार. तारा तर स्वतःभोवती भन्नाट वेगाने फिरतो. मग पेटलेली जागा क्षणात आपल्यासमोर येईल, क्षणात पलीकडे जाईल, आणि भडक्याच्या सुरुवातीला उजेड थरथरताना दिसेल. खळ्यात मळणीची पात फिरवणाऱ्या बैलाच्या जोखडाला कंदील बांधला तर लांबून तो दिसेल-लपेल, तसंच. फक्त सेकंदाला शेकडो वेळा. ही थरथर सापडली तर मेलेला तारा किती वेगाने फिरतो हे कळेल, आणि तोवर ते कोणालाही नक्की सांगता आलेलं नव्हतं. जगात बरेच जण ती शोधत होते. सुकदेवने ठरवलं की आपणही शोधायची.

शहाऐंशीच्या पावसाळ्यात सबनीस सर सहा महिन्यांसाठी परदेशी गेले. सुकदेव एकटाच टेपांशी झटत राहिला. त्याच्याकडे एकाच ताऱ्याचे बारा भडके होते. प्रत्येक भडक्याचे त्याने बारीक तुकडे केले, आणि प्रत्येक तुकड्यात कमी वेगापासून जास्त वेगापर्यंत थरथर आहे का ते संगणकाकडून तपासून घेतलं. काही मिळालं नाही. तुकडे लहान केले. मोठे केले. मागेपुढे सरकवून पुन्हा कापले. दसऱ्याच्या सुमारास सातव्या भडक्याच्या चढावर, एका सेकंदाच्या तुकड्यात, आलेखावर एक टोक सरळ वर उभं राहिलेलं दिसलं. हे नुसत्या योगायोगाने व्हायची शक्यता दहा हजारांत एक. सुकदेव खुर्चीवरून उठला, खाली जाऊन दोन चहा लागोपाठ प्यायला, आणि वर येऊन पुन्हा बघितलं. टोक तिथंच होतं.

खरं तर हा माणूस पोटात गोष्ट ठेवणारा. पण दिवाळीला गावी आला, नाना त्याच्याशेजारी सुपारी कातरत बसले होते, आणि त्यांनी नेहमीसारखं विचारलं, “काम कथालोंग उनं रे?”

“नाना, काहीतरी सापडनं शे.”

“काय सापडनं?”

“एक तारा थरथरस. आजलोंग कोनी दखेल नही.”

नानांनी अडकित्ता खाली ठेवला. “कोनीच नही? मुंबईवालासनी बी?”

“त्यासनी बी नही.”

आता हे वाक्य वना पाटलांसारख्या माणसाला सांगायचं आणि वर म्हणायचं की कोणाला सांगू नका, तर तो शुद्ध मूर्खपणा. सुकदेवने तेही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आबांच्या दारात होते. आबा मोठे खटपटी. विकास सोसायटीचे चेअरमन, गावात काही चांगलं झालं की त्याच्या मधोमध उभं राहायची त्यांना भारी हौस. त्यांनी शाळेच्या शालिग्राम गुरुजींना बोलावलं. गुरुजींनी जळगावच्या एका दैनिकाला बातमी धाडली, आणि आठवड्याने छापून आलं की बोरखेड्याच्या सुपुत्राने नवा तारा शोधला. तारा नवा नव्हता, शोधला आणखी कोणी होता, पण एवढ्या बारकाव्याला कोण बसलंय? आबांनी जाहीर केलं की सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की मारुतीच्या पारासमोर सुकदेवचा सत्कार. आणि सत्कार नुसता सुकदेवचा नाही, बापाचाही. आबांच्या बाजूला वनाची खुर्ची.

सुकदेवला हे नानांच्या पत्रातून कळलं. त्याला वाटलं, जरा घाई होते आहे. सर परत यायचेत, संशोधनाचा पेपर लिहायचाय. पण खुर्चीचं वाचून तो खूश झाला. खोटं कशाला सांगा, फार खूश झाला.

डिसेंबरच्या शेवटी तो चार दिवस घरी आला तेव्हा कापूस विकायला न्यायचा होता. तेव्हा कापूस सरकारी खरेदी केंद्रावरच घालावा लागे. तिथे गाड्यांची लांबच लांब रांग, आणि रांगेच्या तोंडाशी ग्रेडर. ग्रेडर कापूस बघणार, प्रत ठरवणार, त्यावर भाव. आणि गाडी भरायची आमच्याकडे एक रीत आहे. पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र, लांब धाग्याचा कापूस राखून ठेवायचा. किडका, पिवळा डाग पडलेला, ज्याला कवडी म्हणतात, तो गाडीच्या तळाशी आणि मधल्या पोटात दाबायचा. मग वरून आणि कडेने चांगल्याचा थर द्यायचा. ज्याने आयुष्यात असं केलं नाही त्याने हात वर करावा. खानदेशात फार हात दिसणार नाहीत. ग्रेडरलाही हे ठाऊक असतं. म्हणून तो वरचा कापूस बघतच नाही, बाही सरकवून गाडीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालतो, चार ठिकाणची मूठ काढतो आणि शेतकऱ्याच्या तोंडाकडे बघत हसतो. हा खेळ दोघांनाही मान्य असतो.

गाडी सुकदेवनेच भरली होती. तो लहानपणापासून भरायचा. ताट्या बांधलेल्या गाडीत उभं राहून कापूस तुडवायचा, नाना खालून डालकी द्यायचे. “कवडी खाले जाऊ दे, चांगला वर ऱ्हाऊ दे,” एवढंच नाना म्हणायचे, आणि तेही सवयीने.

रांगेत सकाळची दुपार झाली. नानांची गाडी तोंडाशी आली तसा ग्रेडरने बाही सरकवली, पट्टीवरचं नाव वाचलं आणि थांबला. “वना पाटील, बोरखेडे. पेपरात आलेला तो तुमचाच मुलगा ना?”

नानांनी मागे उभ्या असलेल्या सुकदेवकडे बोट केलं. ग्रेडरने त्याला नमस्कार केला. स्वतः बी.एस्सी. झालेला माणूस, त्याने एकदोन प्रश्न विचारले, सुकदेवने उत्तरं दिली. मग ग्रेडरने बाही पुन्हा खाली ओढून घेतली. “अशा घरच्या गाडीत काय हात घालायचा,” असं म्हणून त्याने शेजारच्या कारकुनाला सांगितलं, “लिहा, एक नंबर.”

नाना परतीच्या वाटेवर रिकाम्या गाडीत जवानासारखे ताठ उभे राहून बैल हाकत होते. एरंडोलच्या नाक्यावर त्यांनी भजी घेतली, जिलबी घेतली. “दख,” ते म्हणाले, “तुनामुये मन्हा कापूस बी शिकना.” सुकदेवने जिलबी हातातच धरून ठेवली. कापसाचं त्याला तितकंसं वाटत नव्हतं. पण ग्रेडरचा हात गाडीत न जाता मागे फिरला, ते त्याच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. गाडीच्या तळाशी काय आहे हे फक्त दोघांना माहीत होतं, आणि त्यातला एक तो होता. मुंबईच्या टेपांच्या तळाशी काय आहे हे तर त्याला एकट्यालाच माहीत होतं.

दहा हजारांत एक. पण त्याने मुठी किती काढल्या होत्या? बारा भडके. प्रत्येकाचे कितीतरी तुकडे. प्रत्येक तुकड्यात शेकडो वेग. मग तुकडे बदलून पुन्हा. दहा हजारांहून अधिक ठिकाणी हात घातल्यावर एका ठिकाणी दहा हजारांतला एक योगायोग हाती लागला, तर त्यात नवल कसलं? न लागता तर नवल होतं. आणि पेपरच्या कच्च्या मसुद्यात त्याने काय लिहिलं होतं? फक्त सातवा भडका, फक्त तो एक सेकंद. बाकी सगळं खाली दाबून वर पांढरा थर दिला होता. लबाडीने नाही. त्याची शपथ घ्यायला मी तयार आहे. बघताना माणूस इतका आतुर झाला होता की न मिळालेल्या जागा मोजायच्या असतात हेच त्याच्या डोक्यातून गेलं. पण गाडीत हात घालणाऱ्याला भरणाऱ्याच्या मनाशी काय करायचंय?

मुंबईला परतल्यावर त्याने सगळं मोजलं. कापून बघितलेला प्रत्येक तुकडा, तपासलेला प्रत्येक वेग. हिशेब मांडल्यावर ते उभं टोक आजूबाजूच्या खाचाखोचांत मिसळून गेलं. मग त्याने उरलेल्या अकरा भडक्यांत नेमका तोच वेग शोधला. खरी थरथर असती तर तारा काही भडक्याभडक्याला वेग बदलत नाही, ती कुठेतरी पुन्हा दिसायला हवी होती. कुठेच नव्हती.

जानेवारीत सबनीस सर आले. त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, “पेपर अजून पाठवला नाही ना? मग काय बिघडलं? सापडलं नाही, हेही लिहिता येतं. किती बारीक थरथर असती तर आपल्याला दिसली असती, ते लिहा. पुढच्याला उपयोग होईल.” त्यांच्यासाठी प्रकरण तिथं मिटलं. सुकदेव मान हलवून बाहेर आला. त्याच्यासाठी ते सव्वीस तारखेला सुरू होणार होतं.

वाटेत तो धुळ्याला उतरला. लताला सगळं सांगितलं. लता बालवाडीत शिकवायची, स्वभावाने रोखठोक. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुम्ही काही बोलू नका. ताऱ्याचं पुढे काय झालं म्हणून बोरखेड्यात कोण विचारणार आहे? नानांचा एक दिवस आहे, तो होऊ द्या.” सुकदेवला तिचा राग आला. राग यायचं कारण एवढंच, की ती म्हणत होती ते त्याच्याही मनात होतं.

पंचवीस तारखेला दुपारी तो गावी पोचला. पारासमोर मांडव उभा राहत होता. नाना घरी दाढी करून घेत बसले होते. न्हावी गेल्यावर सुकदेव त्यांच्याजवळ बसला.

“नाना, ते खरं नही शे.”

“काय खरं नही?”

“ते थरथरनं. मन्ही चूक व्हयनी.”

नाना त्याच्याकडे बघत राहिले. “कोन म्हनस?”

“मीच म्हनस.”

नानांनी गळ्याभोवतीचा टॉवेल काढला, झटकला, नीट घडी घातली. मग हळू आवाजात म्हणाले, “उद्यानालोंग गप ऱ्हाय. टोपी-उपरनं व्हई जाऊ दे. मंग तू काय सांगशी ते सांग.” घडी बाजूला ठेवून ते आणखी हळू म्हणाले, “आबानी माले खुर्चीवर बसाले सांगेल शे, सुका.”

आयुष्यात बापाने त्याच्याकडे काही मागितलेलं सुकदेवला आठवत नव्हतं. ही पहिली मागणी होती आणि ती एक दिवसाची होती. त्या रात्री तो जेवला नाही. यशोदाबाईंनी दोनदा ताट वाढून झाकून ठेवलं.

सव्वीसला सकाळी झेंडा झाला, पोरांनी गाणी म्हटली, आणि गाव पारासमोर सतरंज्यांवर बसलं. बायका एका बाजूला. वर तीन खुर्च्या. मधे आबा, एका बाजूला सुकदेव, दुसऱ्या बाजूला नाना. आमदार येणार होते, ते आले नाहीत. ते येत नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं, तरी त्यांच्यासाठी तासभर थांबावं लागतं. त्या तासभर नाना खुर्चीच्या अगदी कडेला, हात मांड्यांवर ठेवून बसले होते. नवं धोतर, नवा सदरा. समोर सगळं गाव होतं आणि त्यांना नजर कुठे ठेवावी ते कळत नव्हतं, म्हणून ते मांडवाच्या बल्लीकडे बघत होते.

शालिग्राम गुरुजींनी प्रास्ताविक केलं. त्यात आकाश, तारे, मातीचा सुगंध आणि आई-वडिलांचे कष्ट हे सगळं यथास्थित आलं. आबांनी नानांना टोपी घातली, उपरणं खांद्यावर टाकलं. टाळ्या पडल्या. मग आबा नारळ आणि शाल घेऊन सुकदेवकडे वळले. सुकदेव उभा राहिला. तोवर त्याने ठरवलं नव्हतं, हे त्याने मला स्वतः सांगितलं आहे. शाल अंगावर पडली की संपलं, एवढंच त्याच्या मनात येत होतं. आबा अगदी समोर आले आणि ग्रेडरने बाही खाली ओढून घेतली तशी सगळ्या गावाने ओढून घेतलेली त्याला दिसली. त्याने हात जोडले आणि म्हणाला, “आबा, एक मिनिट. आधी बोलू द्या.”

माइकपाशी जाऊन तो म्हणाला, “ज्या गोष्टीसाठी तुम्ही मला इथं उभं केलंत, ती गोष्ट चुकीची निघाली. तारा आहे, तो भडकतो हेही खरं आहे. मला जे वेगळं दिसलं असं मी सांगितलं, ते तिथं नाही. चूक माझी आहे. माझ्या बापाची नाही, गावाची नाही, पेपरवाल्यांची नाही.” एवढं बोलून तो माइकपासून बाजूला झाला.

आबांच्या हातात शाल तशीच होती. ते बिचारे खरोखर गोंधळले होते. त्यांनी गुरुजींकडे वळून विचारलं, “मंग आते ह्या नारळनं काय करानं?” माइक चालू होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं, मग आणखी दोघे-चौघे. गुरुजींनी प्रसंग सांभाळून नारळ मारुतीपुढे वाढवायला सांगितला.

आणि त्या हशात नाना उठले. कोणाकडे न बघता पायरी उतरले, आणि समोरच्या सतरंजीवर माणसांत जाऊन बसले. टोपी डोक्यावर होती, उपरणंही होतं. पण वर खुर्ची रिकामी दिसत होती, आणि सुकदेवला ती बघताना असं वाटलं की आपण बापाला हाताला धरून खाली बसवलं. खोबरं वाटलं गेलं. माणसं पांगली. नाना शेताकडे निघून गेले.

त्यानंतर दोन हंगाम नाना त्याच्याशी थेट बोलले नाहीत. बोलायचं असलं की यशोदाबाईंकडे बघून म्हणायचे, “त्याले सांग, बैल विकना.” सुकदेव तेव्हा दोन हातांच्या अंतरावर बसलेला असायचा. यशोदाबाई इमानदारीने वाक्य पोचवायच्या, त्याचं उत्तर परत न्यायच्या, आणि मधेच वैतागून दोघांनाही शिव्या घालायच्या. पुढे मोठ्या नातीच्या आजारपणात ते बोलायला लागले. त्या दिवसाबद्दल मात्र दोघांपैकी कोणीही शब्द काढला नाही.

सुकदेवने प्रबंध पूर्ण केला. त्यात लिहिलं होतं की या बारा भडक्यांत थरथर सापडली नाही, आणि कुठे कुठे शोधली, किती वेळा शोधली ते सगळं. त्याला पदवी मिळाली, धुळ्याच्या कॉलेजात तो रीडर झाला. सहकारी कधीमधी म्हणायचे, “पाटील, काय म्हणतो तुमचा तारा?” तो हसून घ्यायचा. दैनिकाने दुरुस्ती छापली नाही.

आणि मग सत्त्याण्णव साली मुंबईहून सबनीस सरांनी पाठवलेला एक लेख त्याच्या हाती पडला. अमेरिकेच्या नव्या उपग्रहाला एका वेगळ्याच ताऱ्यात ती थरथर दिसली होती. भडक्याच्या चढावर, सेकंदाला शेकडो वेळा. एकदाच नाही, त्याच ताऱ्याच्या पुढच्या भडक्यांतही, त्याच वेगाच्या अगदी जवळ. मग आणखी एका ताऱ्यातही. सुकदेवने लेख कॉलेजच्या स्टाफरूममध्ये उभ्यानेच वाचला. त्याला आनंद झाला, आणि छातीत काहीतरी जळालंही. दोन्ही एकाच वेळी झालं आणि त्याने कोणाला सांगितलं नाही. प्रिन्सिपॉल तोतले साहेबांना मात्र कुणकुण लागली. ते म्हणाले, “म्हणजे तुम्ही दहा वर्षं आधी बरोबर होता, पाटील. आपण पेपरला देऊ. छोटासा कार्यक्रमही करू.”

“मी चुकलो होतो, सर,” सुकदेव म्हणाला. “मी ज्यात बघितलं त्यात ते नव्हतं.” तोतले साहेबांना फरक कळला नाही, आणि सुकदेवने जास्त ताणलं नाही.

पण शनिवारी तो बोरखेड्याला गेला. नाना ओट्यावर बसले होते. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन फसलेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. समोरचा माणूस त्यांना आवाजावरून कळायचा. सुकदेवने त्यांना सांगितलं. तसं थरथरणं सापडलं, दुसऱ्यांना सापडलं.

“तुना तारामा?”

“नही. दुसरा तारामा.”

नानांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. मग म्हणाले, “त्या दिन तू गप ऱ्हाता ते?”

“ते आज बठ्ठा लोक म्हनतात, सुकदेवनी पहिले सांगं.”

“आन ते खरं ऱ्हातं का?”

“नही.”

नानांनी मान हलवली. सुकदेवला वाटलं, विषय संपला. तो उठणार तेवढ्यात ते म्हणाले, “मी त्या दिन खुर्चीवरथीन उठनू. तुले काय वाटनं?”

दहा वर्षांत पहिल्यांदाच तो दिवस दोघांच्या मधे आला होता. सुकदेव म्हणाला, “तुम्हले लाज वाटनी. मन्हामुये.”

“वाटनी. राग बी उना.” नाना जरा पुढे सरकले. “पन मी खाले जाई बसनू, तवय बठ्ठा सरकनात. मन्हासाठे जागा करी त्यासनी. शेजारना झुलालनी बिडी काढीसन दिधी. वर खुर्चीवर मी इतला वखत बसनू, एक मानूस मन्हाशी बोलना नही.”

मग त्यांनी हात चाचपत पुढे केला, तो सुकदेवच्या गुडघ्यावर पडला. “मी तुले हाई सांगाले पायजे व्हतं रे. दहा वरीस व्हई ग्यात.”

सुकदेवला रडू आलं. नानांना दिसत नव्हतं, म्हणून त्याने ते येऊ दिलं.